सुरुंगाविना चिमणी

कोणी म्हणेल की कारखान्याची धुराची उंच चिमणी पाडायला सुरुंग लागतोच. नाही लागत. इंग्लंडमधल्या बोल्टनचा फ्रेड डिब्ना (१९३८–२००४) हा उंच चिमण्यांवर चढून काम करणारा कारागीर गिरण्यांच्या विटांच्या चिमण्या सुरुंगाशिवाय पाडायचा. ज्या बाजूला पाडायची, त्या बाजूच्या बुडाच्या विटा थोड्या थोड्या काढायच्या आणि लगेच लाकडी टेकू ठोकायचे. अर्ध्याहून जास्त घेर असा पोखरला की टेकूंभोवती लाकूडफाटा रचून आग लावायची. टेकू जळाले की चिमणी झाड पडावं तशी आडवी.

पण आजूबाजूला घरं असली तर हा उपाय बाद. मग वर चढून एकेक वीट सुटी करून चिमणीच्या पोटात टाकायची. चढायला शिड्या, एकीवर एक बांधत नेलेल्या. विटांत लोखंडी खुंट्या मारून त्यांना जखडलेल्या. सगळ्यात वाईट जागा टोकाची. तिथे कठडा बाहेर आलेला असतो, शिडी बाहेरच्या बाजूला कलते आणि माणूस अक्षरशः पाठीवर लोंबकळत वर जातो.

सेफ्टी बेल्टचं म्हणाल, तर डिब्नाच्या जुन्या चित्रीकरणात तो बहुतेक वेळा दिसतच नाही, उलट त्याच्या डोक्यावर आपली कापडी टोपी! मला तर नुसतं बघूनच तळपायाला घाम फुटतो.