सातव्या मजल्यावरील खिडकीची काच बदलण्यासाठी कारागीर कसा निवडावा?

प्रश्न: ठाण्यातील आमच्या सातव्या मजल्यावरील घराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची काच तडकली आहे. जवळचा काचवाला फोनवरच माप विचारून दर सांगतो. त्याला काम द्यावे का?

उत्तर १: माप घ्यायला स्वतः न येणाऱ्यास काम देऊ नये. काचेचा काही भाग चौकटीच्या खाचेत दडलेला असतो, आणि टफन्ड काच (भट्टीत तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, त्यामुळे माप चुकले तर ती वायाच जाते. काचेच्या कोपऱ्यावर आयएस २५५३ या सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा शिक्का आहे का, तेही पाहावे.

उत्तर २: मापाबाबत सहमत, मात्र इतक्या उंचीवर मी लॅमिनेटेड काचच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचे पटल चिकटवलेली) घेईन, कारण टफन्ड काच फुटली की तिचे तुकडे खाली चालणाऱ्यांवर पडू शकतात, तर लॅमिनेटेड काच तडकली तरी मधल्या पटलाला चिकटून राहते. तिची जाडी खाचेत बसेल याची खात्री करावी. कारागीर सेफ्टी बेल्ट वापरणार नसेल, तर त्याला परत पाठवावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. काचेभोवतीची जुनी रबरपट्टी चालेल का?

उत्तर १: ती कडक झाली असल्यास बदलावी. खालच्या रुळातील पाणी निघण्याची छिद्रे मात्र सिलिकॉनने बुजवू देऊ नयेत.