मदत हवी आहे: चुकीचे पर्याय सुचतच नाहीत

राम राम मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात आठवीला शिकवतो. एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाला दर शनिवारी प्रश्नपत्रिका मीच काढतो. घोडं अडतं ते चुकीच्या तीन पर्यायांपाशी. दोन कसेबसे सुचतात, तिसरा म्हणजे नुसती भरती.

नमुना बघा. 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन कधी?' पर्याय: १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे, १७ सप्टेंबर. छत्तीसच्या छत्तीस लेकरांचं बरोबर! मधल्या सुट्टीत एकाला विचारलं, १९४८ साली त्या दिवशी काय झालं रे? म्हणे, "ते नाही माहीत सर. बाकीचे तीन कशाचे ते माहीत होतं, मग उरलं तेच."

दुसऱ्या वेळी उलटं. '१९८३ साली जागतिक वारसा यादीत आलेली लेणी कोणती?' मी अजिंठा बरोबर धरलं आणि वेरूळ चुकीच्या पर्यायांत टाकलं. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी भांडायला आली. दोन्ही त्याच वर्षी आलीत! गुण द्यावे लागले, वर माफीही.

परीक्षेत एका पेपराला ९० प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत. डोळे झाकून गोल रंगवले तरी सरासरी २२-२३ गुण पडतात. लेकरांना फसवायचं नाही, पण तुक्क्यानं निघेल असा प्रश्नही नको. तुम्ही कसं करता?

प्रतिसाद (लातूरहून)
सर, पर्याय डोक्यातून काढूच नका, वह्यांतून काढा. १/२ + १/३ हे आधी पर्यायांशिवाय द्या आणि चिठ्ठ्या गोळा करा. २/५ येईल (वर-वर, खाली-खाली बेरीज), १/६ येईल (गुणाकार), १/५ येईल (वरचा १ तसाच, खाली बेरीज). झाले तीन पर्याय, आणि कोण कुठं अडलंय तेही कळतं.

अजून एक, मराठीत लिंग चुगली करतं. 'पैठणला धरण बांधून अडवलेली ____' असं लिहिलं की 'नाथसागर' आपोआप बाद. बरोबर उत्तर सगळ्यात लांबलचक असणं हीही चुगलीच. पोरं आधी लांबी बघतात, मग प्रश्न.

प्रतिसाद
तपासताना कोणता पर्याय किती जणांनी धरला ते मोजा. ज्याला कुणीच हात लावला नाही, तो पुढच्या वेळी काढून टाका. आणि हुशार पोरंच एखाद्या चुकीच्या पर्यायाकडं वळत असतील, तर आधी आपला प्रश्न तपासा (तुमचं वेरूळ!).
विज्ञानात गैरसमज वापरा. ऋतू का होतात? 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ असते' हा पर्याय माझ्या वर्गात हमखास चालतो. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीत असते, आपण शेकोटीपाशी बसतो तेव्हा.
चौथा सुचत नसेल तर घटक चाचणीत तीनच द्या. भरतीच्या पर्यायापेक्षा ते बरं.

धागाकर्ता
चिठ्ठ्यांचा प्रयोग केला. छत्तीसपैकी अकरा जणांचं २/५! शनिवारची प्रश्नपत्रिका रद्द, सोमवारपासून अपूर्णांक परत घेतोय. बुद्धिमत्तेच्या पेपरातल्या आकृत्यांना मात्र वह्यांचा उपयोग होईना. तिथले चुकीचे पर्याय कुणी हातानं काढतं का?