मॅरियन मायलीचा खून: पेनीबरोबर आत शिरलेला दुसरा माणूस कोण?

नीलमोहर
२८ सप्टेंबर १९४१ची पहाट. अमेरिकेत केंटकी राज्यातलं लेक्झिंग्टन शहर. तिथल्या कंट्री क्लबचा कारभार पाहणाऱ्या एल्सा मायली आणि त्यांची सत्तावीस वर्षांची मुलगी मॅरियन क्लबाच्याच वरच्या मजल्यावर राहत. मॅरियन देशातल्या अव्वल हौशी गोल्फपटूंपैकी एक. आदल्या रात्री क्लबात नाच होता, म्हणजे गल्ला तिथेच असणार, या हिशोबाने दोघे जण फोनची तार कापून आत शिरले. मॅरियन जागीच गेली. पोटात गोळ्या लागलेली आई अंधारात सरपटत जवळच्या सॅनिटोरियमपर्यंत पोहोचली, म्हणून बातमी तरी कळली. तीन दिवसांनी तीही वारली. चोरांच्या हाती लागले दीडशेच्याही आत डॉलर.

२६ फेब्रुवारी १९४३ला तिघांना विजेच्या खुर्चीवर बसवलं: टॉम पेनी, लुईव्हिलमध्ये नाइटक्लब चालवणारा रॉबर्ट अँडरसन आणि याच क्लबाची हिरवळ राखणारा रेमंड बॅक्स्टर. पण अँडरसन शेवटपर्यंत म्हणत राहिला, मी तिथे नव्हतोच. माझ्याबरोबर आत अँडरसन होता, असं आधी सांगणाऱ्या पेनीनेही शिक्षेनंतर जबाब फिरवला आणि त्याच्या जागी दुसऱ्याच एकाचं नाव सांगितलं. माझ्या मते हा खटला निकाली निघाला, सुटला नाही. एवढी शंका असताना अँडरसनला मारायला नको होतं.

कोर्टकचेरी
साफ असहमत. पेनीने नवं नाव घेतलं ते कोणाचं? तोवर मेलेल्या माणसाचं. मेलेला माणूस काय नाकारणार? मी फौजदारी वकिली करते. शिक्षा झाल्यावर साथीदाराला वाचवणारे जबाब नेहमी येतात आणि ते जपूनच वाचावे लागतात. आपल्याकडेही साथीदाराच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा टेकू आहे का, हे न्यायालय आधी पाहतं. इथे टेकू होता. पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाने क्लबापाशी ब्यूक गाडी उभी पाहिली होती. ती अँडरसनची.

नीलमोहर
गाडी अँडरसनची, मान्य. पण पुढच्या महिन्यात टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला ती पकडली तेव्हा चालवत होता पेनी! गाडी मालकाशिवाय टेक्सासला जाऊ शकते, तर लेक्झिंग्टनला का नाही?

कोर्टकचेरी
प्रश्न रास्त आहे. पण तो ज्युरीपुढे होता, आणि फिरवलेल्या जबाबाचा मुद्दा पुढे राज्याच्या वरच्या न्यायालयापर्यंत गेला. तिथेही टिकला नाही. तुम्हाला ज्युरी चुकली असं वाटतं, की फाशीसारखी शिक्षाच नको वाटते? हे दोन वेगळे वाद आहेत.

नीलमोहर
दुसरा. जन्मठेप दिली असती तर फिरलेला जबाब निवांत तपासता आला असता. डिसेंबर १९४१मध्ये खटले चालले, त्याच महिन्यात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. सगळा देश पेटलेला असताना एका नाइटक्लबवाल्याच्या बाजूने कोण उभं राहणार?

सातारकर
माझे वडील एका क्लबात माळी होते. काही हरवलं की पहिली झडती माळ्यांची. त्यांचा डबासुद्धा उघडून बघायचे, पोळीखाली हात घालून. त्यामुळे बॅक्स्टरचं नाव वाचलं तेव्हा आधी त्याचीच बाजू घ्यावीशी वाटली. नाही घेता येत. पैसे आहेत ही खबर आतल्या माणसाची, आणि ती त्याने दिली. त्या मायलेकी मालक नव्हत्या हो. नोकरी होती म्हणून तिथे राहत होत्या. श्रीमंतांच्या गल्ल्यासाठी पगारावर जगणाऱ्या दोघी गेल्या.

पाचवं_छिद्र
अँडरसन, पेनी, ब्यूक... इतके प्रतिसाद झाले, आणि मॅरियन नेमकी काय खेळायची हे कोणीच लिहिलं नाही! मी पुण्यात वीस वर्षं गोल्फ खेळते, म्हणून हे मनाला लागतं. वेस्टर्न हौशी स्पर्धा तिने १९३५ आणि १९३७ अशी दोनदा जिंकली. १९३८च्या कर्टिस चषकात, म्हणजे हौशी महिला गोल्फपटूंच्या सांघिक लढतीत, ती ब्रिटनविरुद्ध अमेरिकेच्या संघात होती. वडील फ्रेड स्वतः गोल्फ शिकवणारे. त्या रात्री ते कामानिमित्त सिनसिनाटीत होते. हौशी म्हणजे बक्षिसाचा पैसा नाही, म्हणून ती तेल कंपनीत नोकरी करून स्पर्धांना जायची. खुनी कोण यावर खुशाल भांडा, पण तिला निदान खेळाडू म्हणून ओळखा.

कोर्टकचेरी
ताई, हे मनापासून मान्य. पण न्यायाची चर्चा म्हणजे तिचा विसर नव्हे.

पाचवं_छिद्र
विसर नाही म्हणता, मग वरचे प्रतिसाद पुन्हा वाचा. १९४०चा कर्टिस चषक युद्धामुळे झालाच नाही. त्याच वर्षी तिच्या संघातली पॅटी बर्ग व्यावसायिक झाली आणि १९५०मध्ये तेरा जणींनी मिळून व्यावसायिक महिलांची संघटना काढली, त्यात पॅटी होती. मॅरियन तेव्हा छत्तीस वर्षांची असती. गोल्फमध्ये छत्तीस हे काही निवृत्तीचं वय नाही.