मदत हवी आहे: फेनिटॉइनने (फिटवरचं शिरेतून द्यायचं औषध) हात जांभळा पडू नये म्हणून काय करावं?

पेठ-सुरगाण्याकडून आलेले फिटचे रुग्ण आम्ही फेनिटॉइन सुरू करून नाशिकला पाठवतो. आधी दिलेल्या लोराझेपामने (फिट लगेच थांबवायचं औषध) फिट थांबली नाही तरच. थंडीत शिरा आकसतात, मग मनगटामागची बारीक शीरच हाती लागते. किती पातळ करावं, किती वेगाने द्यावं? सलाईन बाहेर गेलेलं दिसलं नाही, तरी हात काळानिळा होऊ शकतो का?

प्रतिसाद १
ताई, हातामागची शीर आधी सोडा. कोपराजवळ किंवा पुढच्या बाहूवर २० नंबरचा किंवा त्याहून जाड कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) टाका. या औषधाचा पीएच सुमारे १२ असतो, म्हणजे खूपच क्षारीय, शिवाय ते विरघळवायला त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोल. बारीक शिरेत ते रक्तात लवकर मिसळत नाही आणि शिरेचं अस्तर भाजून काढतं.

६० किलोच्या माणसाला २० मिग्रॅ प्रति किलोने १२०० मिग्रॅ, म्हणजे २४ मिली (एका मिलीत ५० मिग्रॅ). ते १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये घाला. डेक्स्ट्रोजमध्ये कधीच नको, खडे धरतात. वेग मिनिटाला ५० मिग्रॅच्या वर नाही. वृद्ध किंवा हृदयरोगी असेल तर २५ च्या आत. म्हणजे कमीत कमी २४ मिनिटं लागणारच, घाई करून चालत नाही. ईसीजी आणि बीपीवर नजर हवी. आधी आणि नंतर सलाईनने लाइन धुवा.

प्रश्नकर्ती
आणि सलाईन फुगलेलं नसेल तर?

प्रतिसाद २
तरीही होतं, आणि खरा घोळ इथेच होतो. जांभळेपणा बहुधा २ ते १२ तासांनी येतो, तोवर रुग्ण नाशिकला पोचलेला असतो आणि हात चादरीखाली असतो. म्हणून पाठवताना चिठ्ठीवर कोणत्या हातात, किती वाजता, किती दिलं ते लिहाच. हात उघडा ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा.

दुखलं की लगेच थांबवा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तो सांगणार नाही, त्यामुळे दर काही मिनिटांनी हात दाबून पाहा. कॅन्युलातून उरलेलं ओढून घ्या, मगच काढा. हात उंच ठेवा, चोळू नका, पट्टी आवळू नका. नाडी आणि बोटांचा रंग दर तासाला पाहा. बोटं ताणली की असह्य दुखणं, बधिरपणा किंवा हात दगडासारखा कडक लागणं दिसलं, तर सर्जनला तेव्हाच बोलवा. नाडी लागते म्हणून थांबू नका.

प्रतिसाद १
आणखी एक. लेव्हेटिरासिटाम (फिटवरचंच दुसरं औषध) असेल तर तेच द्या: ६० मिग्रॅ प्रति किलो, जास्तीत जास्त ४५०० मिग्रॅ. फिटच्या औषधांची तुलना करणाऱ्या २०१९ च्या ईसेट चाचणीत ते फॉसफेनिटॉइनइतकंच (शरीरात गेल्यावर फेनिटॉइन बनणारं औषध) चाललं, आणि शिरेला त्याचा हा त्रास नाही.