मदत हवी आहे: राइड डिझाइनवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक

मंडळी, थीम पार्कच्या राइड्स कशा डिझाइन करतात यावरचं एक पुस्तक शोधतोय, नाव आणि लेखक दोन्ही डोक्यातून साफ गेलंय. कॉलेजात असताना रत्नागिरीला मामाच्या शेजाऱ्यांकडे वाचलेलं, ते काका बोटीवर नोकरीला होते, बाहेरून आणलं असणार. मोठ्या आकाराचं, निळसर कव्हर, आत रुळांचे आणि चाकांचे उभे छेद दाखवलेली चित्रं.

आठवतं ते असं, १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला रोलर कोस्टरचा लूप (गाडी उलटी होऊन फिरते तो वेढा) पूर्ण गोल होता आणि लोकांच्या माना आखडायच्या. मग १९७६ साली कॅलिफोर्नियात श्वार्झकोफ आणि स्टेंगल या जर्मन जोडीने थेंबासारखा लूप केला, वर वळण लहान आणि खाली मोठं, म्हणजे गाडी लूपमध्ये शिरताना अंगावर एकदम दाब येत नाही. हे प्रकरण तर भन्नाटच होतं! डिस्नेलँडच्या १९५९ च्या मॅटरहॉर्न या रोलर कोस्टरच्या स्टीलच्या पायपांवरच्या रुळांबद्दल पण होतं, चाकं वरून, खालून, बाजूने कशी धरतात वगैरे.

भाचा मेकॅनिकलला आहे, आंगणेवाडीच्या जत्रेतला आकाशपाळणा बघून आला तेव्हापासून प्रोजेक्ट ह्याच विषयावर करायचं म्हणतोय, म्हणून घाई. नुसते राइड्सचे फोटो असलेली पुस्तकं नकोत, ती ढीगभर मिळतात. कुणाला ओळखीचं वाटलं तर नाव सांगा, कुडाळ-सावंतवाडीकडे कुणाकडे असेल तर मी येऊन बघेन, झेरॉक्स काढून लगेच परत देईन.