औष्णिक वीज प्रकल्पाची जनसुनावणी: गावाने तयारी कोठून सुरू करावी?

प्रश्न (ग्रामपंचायत सदस्या, परभणी जिल्हा)

आमच्या परिसरात 660 मेगावॅटचा कोळशावर चालणारा औष्णिक वीज प्रकल्प प्रस्तावित असून त्याच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीची सूचना वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा मसुदा अहवाल इंग्रजीत आहे, तो शेकडो पानांचा आहे आणि मराठीत केवळ त्याचा सारांश मिळाला आहे. गावात एकमत नाही. मुलांना येथेच काम मिळेल अशी आशा असणारी घरे आहेत आणि गोदावरीच्या पाण्यावर ऊस, हळद घेणारी घरेही आहेत. दोघांचेही म्हणणे मला खरे वाटते. सुनावणीत घोषणा होतात आणि इतिवृत्तात ‘ग्रामस्थांनी विरोध दर्शविला’ एवढीच ओळ उरते, असे अनेकांकडून ऐकले आहे. आमचे म्हणणे निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचावे यासाठी काय करावे?

उत्तर (निवृत्त अभियंता, पाटबंधारे विभाग, बीड)

ताई, पूर्ण अहवाल वाचण्याच्या मागे न लागता प्रथम पाण्याचे प्रकरण उघडावे, कारण मराठवाड्यात प्रकल्प टिकणार की नाही हे तेथेच ठरते. नव्या औष्णिक केंद्रांसाठी प्रति मेगावॅट-तास 3 घनमीटर ही पाणीवापराची कमाल मर्यादा आहे. 660 मेगावॅटचा संच वर्षभर सरासरी 85 टक्के क्षमतेने चालला, तर सुमारे 49 लाख मेगावॅट-तास वीज तयार होते. म्हणजे या मर्यादेतही वर्षाला जवळजवळ 14.7 दलघमी (दशलक्ष घनमीटर), अर्थात अर्ध्या टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) थोडे अधिक पाणी लागू शकते. अहवालातील आकडा याच्याशी ताडून पाहावा आणि तो बराच कमी असेल तर कोणत्या तंत्रामुळे कमी झाला, हे विचारावे. हवेने थंड होणारा कंडेन्सर (वाफेचे पुन्हा पाणी करणारे यंत्र) बसवल्यास पाणी खरोखरच पुष्कळ वाचते; मात्र तसे असेल तर ते अहवालात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

त्यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: हे पाणी कोणत्या वर्षाचे गृहीत धरले आहे? सरासरी पावसाच्या वर्षावर केलेला हिशेब आपल्या भागात फसवा ठरतो. परळीचे औष्णिक केंद्र फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, 2015 मध्ये तीच वेळ पुन्हा आली आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. म्हणून 2012-13 आणि 2015-16 या वर्षांचा प्रत्यक्ष साठा धरून, पिण्याचे पाणी आणि सिंचन वगळता प्रकल्पासाठी किती पाणी उरले असते, याचा तक्ता लेखी मागावा. पाणी आरक्षणाचे पत्र अहवालाला जोडलेले आहे का, त्यात कोणत्या बंधाऱ्यातून किती दलघमी असा उल्लेख आहे का आणि टंचाईत कपात कोणाची आधी होणार, हेही पाहावे. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडण्यासाठी टंचाईच्या वर्षी किती ओढाताण होते, हे आपण सर्वजण पाहतो. खालच्या बंधाऱ्यांचे भवितव्य त्याहून अधिक अनिश्चित आहे.

आणखी एक मुद्दा. 2016 च्या वीजदर धोरणानुसार 50 किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल, तर औष्णिक केंद्राने ते प्रक्रिया केलेले पाणी वापरणे अपेक्षित आहे. या पर्यायाचा अहवालात विचार झाला आहे का, ते जरूर विचारावे.

उत्तर (वकील, छत्रपती संभाजीनगर)

पाण्याविषयी वर जे लिहिले आहे त्याला जोडून मी कार्यपद्धतीबद्दल लिहितो. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाविषयीच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे ही सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांहून कनिष्ठ नसलेला अधिकारी असतो आणि लोकांना किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र इत्यादी ठिकाणी पाहण्यास ठेवणे बंधनकारक आहे. माहिती अधिकाराच्या उत्तराचा अवधीही 30 दिवसांचाच असल्याने त्यावर विसंबून न राहता दोन-तीन जणांनी प्रत्यक्ष जाऊन अहवाल पाहावा आणि हव्या त्या पानांच्या प्रती मागाव्यात.

सुनावणीत मतदान होत नाही आणि व्यासपीठावरील अधिकारी प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर करत नाहीत. या क्षमतेच्या प्रकल्पाचा विचार केंद्रीय मंत्रालयाची तज्ज्ञ मूल्यांकन समिती करते आणि तिच्यासमोर इतिवृत्त, चित्रीकरण व अर्जदाराची (प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीची) उत्तरे जातात. म्हणून प्रत्येक हरकत लेखी द्यावी, तीत अहवालाचा पृष्ठ क्रमांक असावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. एका निवेदनात एकच विषय ठेवल्यास उत्तर टाळणे अवघड होते. लोकांच्या हरकतींचा समितीने कारणांसह विचार केला पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये उत्कर्ष मंडळ या गोव्यातील खाणीसंबंधीच्या प्रकरणात म्हटले आहे. परंतु हरकत कागदावर नसेल तर त्या निर्णयाचा आधार कसा घेणार?

सुनावणी संपण्यापूर्वी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. त्या वेळी लोक निघून गेलेले असतात, ही माझ्या अनुभवातील सर्वांत मोठी त्रुटी आहे. काही जणांनी शेवटपर्यंत थांबावे आणि एखादा मुद्दा सुटला असेल तर तेथेच नोंदवून घ्यावा.

उत्तर (राखेच्या तळ्याशेजारील गावातून)

राखेचा हिशेबही करून पाहा. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण 30 ते 45 टक्के असते. एवढ्या संचाला वर्षाला सुमारे 32 लाख टन कोळसा लागेल असे धरले आणि राख 35 टक्के मानली, तरी ती 11 लाख टनांच्या आसपास जाते. ती संपूर्ण वापरली जाईल असे अहवालात लिहिलेले असेल. ती घेणारे सिमेंट कारखाने, वीटभट्ट्या आणि रस्त्यांची कामे कोणती, त्यांच्याशी करार झाले आहेत का आणि राख वाहणारे बल्कर (बंद टाकीचे ट्रक) व हायवा (डंपर) कोणत्या रस्त्याने जाणार, हे विचारा. तळ्याच्या तळाला अस्तर कसले असेल, आसपासच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी कोण करणार आणि तिचे निकाल ग्रामपंचायतीला कधी मिळणार, हेही विचारा. आजच आपल्या विहिरींचे नमुने शासकीय प्रयोगशाळेत तपासून घ्या; उद्या पाणी बिघडल्याची तक्रार करावी लागली, तर आधीचे पाणी कसे होते हे सांगणारा कागद हाताशी पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पाणी, राख आणि रोजगार अशी तीन निवेदने स्वतंत्र करण्याचे आम्ही ठरवले आहे. विशेष ग्रामसभा घेऊन ठराव केला तर त्याला वजन असते का? आणि जमिनीच्या मोबदल्याविषयी याच सुनावणीत बोलावे का?

उत्तर (वकील, छत्रपती संभाजीनगर)

आपले गाव अनुसूचित (आदिवासींसाठी घोषित) क्षेत्रात नसल्याने ठरावाने प्रकल्प आपोआप थांबणार नाही, पण सामूहिक लेखी निवेदन म्हणून तो अवश्य जोडावा. मतभेद असतील तर ठरावात दोन्ही बाजू नोंदवाव्यात. रोजगाराची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी किती पदे कायम, किती कंत्राटी आणि प्रशिक्षण केव्हा, हे विचारले तर तीही तितकीच महत्त्वाची नोंद ठरते. मोबदल्याचा दर 2013 च्या भूसंपादन कायद्याखालील वेगळ्या प्रक्रियेत ठरतो. येथे विस्थापन आणि उपजीविकेवरील परिणामांविषयी बोलावे. पुढे मंजुरी मिळाली आणि ती आव्हानित करायची झाली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे 30 दिवसांत अपील करावे लागते; सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवसांपर्यंतचा विलंब माफ होऊ शकतो. त्यामुळे सर्व पोचपावत्या आणि निवेदनांच्या प्रती एका फाइलमध्ये ग्रामपंचायत कार्यालयात ठेवाव्यात आणि दुसरा संच गावातील एखाद्या शिक्षकाकडे द्यावा.