पाणी ओसरल्यावर, वारा निवल्यावर: घर पुन्हा लावताना (अनुभव धागा)

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला लागून वर गेलं, आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं. महाड आणि खेडलाही त्याच वेळी पूर होता. पाणी चढतं तेव्हा काय करायचं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ते उतरल्यावर मात्र सगळीच कामं एकदम अंगावर येतात. कुठल्या कामाला एक तासही दवडायचा नाही आणि कुठल्या कामाला महिनाभर हात लावायचा नाही, हे ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांनी इथे लिहावं. आपली कहाणी नको. क्रम, प्रमाण आणि काय चुकतं ते सांगा.

चिखल (चिपळूण)

सगळ्यात घाईचं काम हेच. वीज खांबावरूनच बंद आहे याची खात्री झाली आणि पाणी गुडघ्याच्या खाली आलं, की खराटा घेऊन तेच पाणी ढवळत राहायचं. त्यामुळे गाळ तळाला बसत नाही आणि उतरत्या पाण्याबरोबर दाराबाहेर जातो. पाणी पूर्ण गेल्यावर सुरुवात केली तर तोच गाळ फावड्याने घमेल्यात भरावा लागतो, आणि दोन दिवस वाळला तर खरवडून काढावा लागतो. आतल्या खोलीपासून दाराकडे यायचं. गाळ गटारात लोटू नका. गटार तुंबलं की पुढच्या सरीला पाणी परत घरात येतं.

पण त्याआधी पाच मिनिटं काढून भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टी लावून फोटोत घ्या. बुडालेल्या वस्तूंचे फोटो जागेवरच काढा. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर तसंच ठेवायची गरज नसते, पुरावा मात्र हवा.

कपाट, गाद्या, भांड्यांची रॅक हाताने उचलण्याआधी काठीने हलवा. पुराबरोबर फुरसं आणि घोणस असे विषारी साप घरात येतात आणि कोरड्या कोपऱ्याला दडतात. गमबूट, रबरी हातमोजे हवेतच, आणि पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना चिखलात काम केल्याचं आधी सांगा. लेप्टोचा (घाण पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस ताप) संशय त्यावरूनच येतो.

फरशी धुऊन स्वच्छ झाली की मगच ब्लीचिंग. 10 लिटर पाण्यात 150 ग्रॅम ताजी पावडर, गाळ बसू द्या, वरची निवळी फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर मारा, अर्धा तास ठेवा. चिखलावर पावडर भुरभुरवून उपयोग नाही. क्लोरीन चिखलातच खर्च होतो आणि जंतू राहतात. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग एका दिवशी एकाच जागी वापरू नका, विषारी वायू होतो.

वायरिंग

इथे उलट आहे, घाई केली की जीव जातो. मीटर बुडाला असेल तर महावितरणला 1912 वर कळवून पुरवठा खांबावरून सोडवून घ्या. ओल्यात उभं राहून मेन स्विचला हात लावू नका.

बुडालेला एमसीबी (शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच) वाळवला की चालू होतो, म्हणून लोक तोच ठेवतात. पण बारीक गाळ आतल्या यंत्रणेत बसलेला असतो. पुढे शॉर्ट झाला तर तो पडतच नाही, वायर जळते. एमसीबी, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि पाण्याखाली गेलेले सगळे स्विच, सॉकेट बदला. सलग पीव्हीसी वायर बहुधा वाचते, सांधे वाचत नाहीत. ते उघडून, कापून नव्याने करा. फरशीखालून गेलेल्या पाइपात पाणी साचून राहतं. बोर्डाच्या पट्ट्या काढून एका टोकाने ब्लोअर लावा आणि तीन-चार दिवस बोर्ड उघडेच ठेवा.

मग मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र. सगळी उपकरणं आणि बल्ब काढायचे, फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थिंगशी 500 व्होल्टवर मोजायचं. किमान 1 मेगाओहम आला पाहिजे. कमी आला तर एकेक सर्किट सोडून मोजा, ओलं कुठलं ते कळतं. त्याला आणखी दिवस द्या, बाकीची एकेक करून चालू करा. नवीन आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा घ्या आणि त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. अर्थिंग तुटलेलं असेल तर जोडून घ्या, त्याशिवाय वीज चालू करू नका.

फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर "लावून तर बघू" म्हणून लावू नका. मोटर गोड्या पाण्याने धुऊन रिवाइंडिंगवाल्याकडे भट्टीत वाळवली तर बहुधा वाचते, बेअरिंग मात्र बदलावं लागतं. ओली असताना पिन लावली की वाइंडिंग जळलंच.

वरच्यात एक भर

मेन बंद असलं तरी इन्व्हर्टर त्याच वायरिंगमध्ये वीज सोडत असतो. बॅटरीच्या तारा आधी काढा. छतावर सोलर असेल तर दिवसा त्याच्या तारांमध्ये दाब असतोच, त्या बसवणाऱ्याकडूनच सोडवून घ्या. आणि बुडालेल्या गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर, रबरी नळी परत वापरू नका.

विहीर

पुराचं पाणी कठड्यावरून आत गेलं असेल तर आधी उपसा. पण एका दमात तळ गाठू नका. भोवतालची जमीन पाण्याने गच्च असते, आतलं पाणी झटकन काढलं की बाहेरचा दाब चिऱ्याच्या बांधणीला आत ढकलतो. थोडं उपसायचं, थांबायचं, पाझर बघायचा, मग पुढे. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका. गाळ काढायला माणूस उतरवायचाच असेल तर आधी पंख्याने हवा खेळवा, कमरेला दोर बांधा आणि वर दोन माणसं ठेवा.

पाणी किती आहे ते असं काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची गुणिले 0.785, सगळं मीटरमध्ये. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर सव्वाअठ्ठावीस घनमीटर, म्हणजे साधारण 28,000 लिटर. पुरानंतरच्या पहिल्या मात्रेला 1,000 लिटरला 150 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे या विहिरीला 4 किलो 200 ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, दगड-चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि बादली खालीवर करून ढवळायचं. बारा तास पाणी कुणी भरायचं नाही. मग ते सगळं उपसून टाका.

नवीन पाणी आलं की रोजची मात्रा: 1,000 लिटरला अडीच ग्रॅम, इथे 70 ग्रॅम. तासाभराने ओ.टी. टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी). रंग पिवळा आला पाहिजे. येत नसेल तर एकतर पाणी अजून घाण आहे किंवा पावडर जुनी. उघडं राहिलेलं टीसीएल महिन्याभरात दम सोडतं आणि पुराच्या दिवसांत नेमकी तीच पोती वाटली जातात. आधी वास घ्या, झणझणीत नसेल तर परत करा. खात्री होईपर्यंत प्यायचं पाणी उकळूनच.

जमिनीखालच्या टाकीला हाच इशारा. भोवती पाणी वर असताना ती पूर्ण रिकामी केली तर खालच्या दाबाने उचलली जाते आणि भेगा पडतात. सेप्टिक टँकही लगेच उपसू नका.

छप्पर (श्रीवर्धन भाग)

वाऱ्याने पत्रा दाबून मोडत नाही, खालून उचलून जातो, आणि सुरुवात पागोळीच्या ओळीपासून आणि कोपऱ्यांपासून होते. म्हणून दुरुस्तीत नुसते पत्रे बदलू नका. मधे एकाआड एक नळीला (पत्र्याच्या उंचवट्याला) बोल्ट चालतो, पण पागोळीला आणि आढ्याला प्रत्येक नळीला हवा. बोल्ट नळीच्या माथ्यावर, रबरी वायसरसकट. खळग्यात मारला की गळणारच. कौलं असतील तर खालच्या दोन ओळी तारेने रिपेला बांधा.

तात्पुरती ताडपत्री नुसती फुटलेल्या जागेवर घालू नका, आढ्यावरून पलीकडे किमान 3 फूट उतरू दे. कडा रिपेत गुंडाळून रीप वाशाला ठोका. दगड ठेवले तर पुढच्या वाऱ्यात तेच खाली येतात. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावरून चाला. निसर्गनंतर पत्रे लगेच मिळत नव्हते आणि पाऊस उंबऱ्यावर होता, तेव्हा नीट बांधलेली ताडपत्रीच घर राखते.

बाग

मोडलेली पोफळ गेली. कललेला माड लहान असेल आणि एका बाजूची मुळं जमिनीत असतील तर वाचतो: खालच्या झावळ्या कापा, दोराने हळूहळू सरळ करा, तीन बाजूंनी टेकू द्या, बुंध्याला मातीची भर घाला. उंच गेलेल्या माडासाठी हा खटाटोप करू नका, तो पुन्हा पडतो. उभ्या राहिलेल्या माडांच्या शेंड्यात वाऱ्याने जखमा झालेल्या असतात, तिथून कोंब कुजतो. 1 टक्का बोर्डो मारा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मोरचूद प्लॅस्टिकच्या पिंपात.

पडलेली खोडं बागेत कुजू देऊ नका. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो आणि वर्षभरात उरलेल्या माडांवर चढतो. वरची सावली गेल्याने जायफळाला अचानक ऊन लागतं, त्यावर शेडनेट घाला.

गाडी

स्टार्टर मारू नका, किल्लीही फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि विमा कंपनी ते नुकसान सहसा मानत नाही. ओढूनच न्या. ऑइल दुधासारखं झालं असेल तर एकदा बदलून भागत नाही, रंग स्वच्छ येईपर्यंत बदला.

कागद, फोटो

चिकटलेली पानं ओढू नका. स्वच्छ पाण्यात बुडवून गाळ जाऊ द्या, मधेमधे कोरे कागद घालून पंख्याखाली वाळवा. दोन दिवसांत जमणार नसेल तर पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते. सातबारा नव्याने निघतो, त्यात वेळ घालवू नका. फोटो आधी.

दारं आणि भिंती

फुगलेलं दार लागत नाही म्हणून लगेच रंधा मारून घेऊ नका. लाकूड वाळलं की आटतं आणि मग बोटभर फट राहते. बिजागरीतून काढून सावलीत आडवं ठेवा, खाली तीन फळ्या समपातळीत. उन्हात सागही पिळतो. साधं प्लाय आणि भुशाचं फर्निचर मात्र टाकूनच द्या.

चिऱ्याची भिंत महिनोन्‌महिने पाणी धरते. ऑइलपेंट असेल तर आतून खरवडा, नाहीतर ओल कोंडते. लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) आला तर कोरड्या ब्रशने झाडा, धुतला तर परत आत मुरतो. रंगाचं नाव दिवाळीआधी काढू नका. तेव्हाही आधी फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर अजून महिनाभर थांबा.